पोटासाठी आलेली आणि लेकासाठी आलेली



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंनी यंदा फारच आग्रह धरला. मी इयत्ता सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. पाककृती द्यावी असे आधी मनात होते. परंतु आपल्या परळ-लालबागच्या वस्तीत हल्ली घरोघरी एक गोष्ट दिसते, तिच्याबद्दल लिहावे असे पुष्कळ दिवस वाटत होते. गावाकडून मुंबईस आलेली आपली वडील माणसे मनाने खचत चालली आहेत. कोणाला झोप नाही, कोणी बोलत नाही, कोणी घडीघडी रडते. आपण म्हणतो, वय झाले, चालायचेच. पण असे पूर्वीपासूनच होते का? आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी मुंबईत म्हातारी माणसे कशी राहत, त्यांच्या मनाला कोण सांभाळी? जे वाचले, वडील मंडळींकडून जे ऐकले आणि जे स्वतः पाहिले ते माझ्या अल्पबुद्धीप्रमाणे मांडत आहे.

मुंबईची पहिली सूतगिरणी कावसजी दावर या पारशी गृहस्थांनी १८५४ साली ताडदेवला काढली. ती १८५६ साली चालू झाली. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांच्यासाठी माणसे कोकणातून व घाटावरून येऊ लागली. रत्नागिरीकडचे लोक आगबोटीने येत, सातारा, पुणे, नगरकडचे रेल्वेने आणि पायी. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईतल्या दर १०० माणसांपैकी ८४ माणसे बाहेर जन्मलेली निघाली. हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे होत्या. म्हणजे ही मुंबई तरण्या पुरुषांची होती. बायका गावी, मुले गावी आणि म्हातारी माणसेही गावीच.

यातली एक गोष्ट आपण विसरतो. त्या काळच्या गिरणी कामगाराने मुंबईत म्हातारे व्हावे अशी कोणाची कल्पनाच नव्हती. हातपाय चालत तोवर साच्यावर उभे राहायचे, थकले की जागा मुलाला किंवा भावाला मिळवून द्यायची आणि गावच्या घराच्या पडवीत जाऊन बसायचे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हाही लोकांनी गावचाच रस्ता धरला. गिरणीत निवृत्तिवेतन नव्हते. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ साली झाला आणि ग्रॅच्युइटीचा तर १९७२ साली. म्हणून गावची चार गुंठे जमीन आणि चुलीजवळची जागा हेच कामगाराचे म्हातारपणाचे निवृत्तिवेतन होते.

ही जागा राखून ठेवी कोण? त्याची बायको. तिच्याविषयी इतिहासात फारसे लिहिलेले सापडत नाही. नवरा मुंबईकर म्हणून तिला मान असे. पण तो घरी यायचा शिमग्याला, गणपतीला, फार तर लावणीच्या दिवसांत. बाकीचे दहा महिने मनीऑर्डर आणि दुसऱ्याकडून वाचून घेतलेले पत्र. शेत, गुरे, सासूसासरे, आजारीपाजारी सारे तिने एकटीने काढायचे. माझ्या सासूबाई चिपळूणकडच्या. त्या सांगत की लग्नाच्या पहिल्या बारा वर्षांत मामंजींबरोबर सलग दोन महिने त्या कधी राहिल्याच नाहीत. अशी बाई एकटेपणाला सरावलेली असते असे आपल्याला वाटते. परंतु ते एकटेपण माणसांच्या गराड्यातले होते. तिच्या हाती कोठीच्या किल्ल्या होत्या, तिच्या हाकेला वाडी जमत होती. हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता मुंबईत राहणाऱ्या पुरुषांचे पाहू. एका गावची माणसे मिळून एक खोली घेत. तिला गावची खोली म्हणत. पाळीपाळीने कामावर जाणारे वीस-पंचवीस जण एकाच खोलीत वळकट्या ठेवत. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. खोलीत गावदेवाची तसबीर, भिंतीला मृदंग आणि टाळ. शनिवारी भजन, शिमग्याच्या आधी नमन-खेळ्यांची तालीम. कोणी आजारी पडला तर खोलीचे लोक वर्गणी काढून त्याला गावी पोचवीत. आपल्या गोवेकर बांधवांचेही असेच होते. धोबीतलावच्या बाजूस त्यांचे गावोगावचे क्लब, ज्याला ते कूड म्हणत. तिथे आपापल्या गावच्या संताची पूजा आणि संध्याकाळची प्रार्थना सर्वांनी मिळून करायची असा नेम असे. बोटीवर नोकरी लागेपर्यंत किंवा बोटीवरून उतरल्यावर माणूस तिथे उतरत असे.

या खोल्यांत सगळेच चांगले होते असे मी म्हणणार नाही. हवा नव्हती, क्षयाचा आजार होता, दारूपायी कित्येकांची मनीऑर्डर घरी पोचली नाही. पण माणूस चार दिवस गप्प बसला तर ते कोणाच्या तरी ध्यानात येई. त्याच्या बापाचे नाव, त्याच्या घराचा वाद, त्याची वाळलेली कलमे, सारे त्या खोलीला ठाऊक असे. डॉक्टर नव्हता, पण विचारणारा होता.

पुढे सरकारने १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, म्हणजे चाळीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. हळूहळू बायका-मुले मुंबईस येऊ लागली, बिऱ्हाडे झाली. खोली लहान होती म्हणून जगणे गॅलरीत येई. तांदूळ निवडणे, लसूण सोलणे, पापड वाळवणे, भांडण आणि समेट, सारे गॅलरीत. ज्या थोड्या म्हाताऱ्या बायका चाळीत राहत, त्यांचे आसन गॅलरीच्या तोंडाशी असायचे. कोण आले, कोण गेले, कोणाच्या सुनेला दिवस गेले, हे त्यांना आधी कळे. त्या कामावाचून कधीच नसत.

मग त्या काळी कोणाचे मन बिघडतच नव्हते काय? बिघडत होते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले. त्याआधी कुलाब्याला वेड्यांचे इस्पितळ होते. १९१२ साली सरकारने कायदा केला त्याचे नावच वेडाचा कायदा. त्यात रुग्णाला दाखल कसे करावे आणि कोंडून कसे ठेवावे याचाच विचार जास्त. यामुळे आपल्या लोकांच्या मनात एवढी भीती बसली की मुंबईत ‘ठाण्याला पाठवा’ ही शिवीच झाली. १९३८ साली जे. जे. रुग्णालयात इतर आजारांबरोबर मनाच्या आजारांसाठीही विभाग निघाला, पण ते आपल्या गल्लीपर्यंत पोचायला फार काळ गेला. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर डॉक्टरचा प्रश्नच नसे. ‘साठी बुद्धी नाठी’ एवढे म्हटले की झाले. म्हातारचळ लागला म्हणायचे, उतारा टाकायचा, नाहीतर देवाला कौल लावायचा. कोणी मुद्दाम वाईट वागत नसे. आजार म्हणून बघायची दृष्टीच नव्हती.

हे असे चालले ते १८ जानेवारी १९८२ पर्यंत. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, लाखावर माणसांची नोकरी गेली. तेव्हा मी अगदी लहान होते. माझे वडील साचेखात्यात होते. आई सांगत असे, पहिली दोन वर्षे ते रोज पाळीच्या वेळेला उठून दाढी करीत, कपडे करीत आणि खिडकीशी बसत. भोंगा वाजायचा थांबला तरी त्यांचे अंग त्या वेळेला जागे होई. पुढे दाढीही थांबली. घरात पैशाची ओढ होती, ती आईने दुसऱ्यांच्या पोळ्या लाटून भागवली. परंतु पन्नाशीच्या आतला तो माणूस दोन-तीन वर्षांत सत्तरीचा दिसू लागला, याला काय म्हणावे हे कोणाला कळत नव्हते. ते आजारी होते असे आमच्या घरात कोणी म्हटले नाही. सगळे म्हणत, स्वभाव बदलला.

असे वडील आपल्यातल्या पुष्कळजणींनी पाहिले असतील. पूर्वीचा कामगार थकून गावी जाई तो काम पुरे करून जाई. संपातला कामगार हात धड असताना रिकामा झाला. मुलांची शाळा मुंबईत, खोलीची पागडी दिलेली, गावची जमीन भावांत वाटली गेलेली. त्यामुळे तो इथेच राहिला आणि इथेच म्हातारा झाला. पोटासाठी मुंबईस आलेल्यांची मुंबईत म्हातारी झालेली ही पहिली मोठी पिढी, असे मला वाटते.

दुसरी पिढी आली ती लेकासाठी. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पुरी झाली. गाव जवळ आले, पण त्याबरोबर गाव रिकामेही झाले. शिकलेली मुले मुंबई-पुण्याला लागली. गावी म्हातारा-म्हातारीच राहिली आणि त्यातले एक गेले की दुसऱ्याला मुलगा आपल्याकडे आणतो. पूर्वी म्हातारपणी माणूस मुंबईहून गावी जाई, आता म्हातारपणी गावाहून मुंबईस येतो. दीडशे वर्षांची वाट उलटी झाली. पण इकडे त्याच्यासाठी कसली तयारी आहे? गावची खोली राहिली नाही. गॅलरी जाऊन लिफ्ट आली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतीत ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. संडास घरात, पाणी घरात. आपल्या बायकांचे किती हाल वाचले! त्याचा आनंदच मानला पाहिजे. पण दार लोटले की पलीकडचे जग नाहीसे होते, हेही खरे.

माझ्या सासूबाई मामंजी गेल्यावर आमच्याकडे आल्या. ज्या बाईने एकटीने भात लावला आणि चार गुरे सांभाळली, ती इथे लिफ्टचे बटण दाबायला घाबरू लागली. शेजारी हिंदी बोलणारे, तेही कामावर जाणारे. भाजी दारात येते. दूध पिशवीत येते. त्यांना काही करू द्यावे तर आम्हीच म्हणायचो, आई, तुम्ही आता आराम करा. सहा महिन्यांनी त्या पहाटे तीनला उठून लुगड्याचे गाठोडे बांधून दाराशी बसू लागल्या. म्हणत, गुरे सोडायची वेळ झाली. जेवण कमी झाले. छातीत धडधडते, अंगाची आग होते, एवढेच सांगत. ‘मला वाईट वाटते’ हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी आले नाही. आपल्या वडील बायकांना मनाचे दुःख सांगायची सवयच नाही. त्यांचे मन पाठीतून, डोक्यातून, पोटातून बोलते.

आम्ही त्यांना जवळच्या मोठ्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासले, कान तपासले, मग अर्धा तास त्यांच्याशी भात, गुरे, वाडी याबद्दल बोलत बसल्या. नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी जे समजावले ते सर्व भगिनींना उपयोगी पडेल म्हणून इथे देते.

म्हातारपणी मनाचे दोन आजार मुख्य. एक उदासीनतेचा आणि दुसरा विसराळूपणाचा, ज्याला डिमेन्शिया म्हणतात. उदासीनतेत माणसाचे मन कशात लागत नाही, झोप मोडते, भूक जाते, जगून काय करायचे असे तो म्हणू लागतो. हा आजार औषधाने आणि बोलण्याने बराच बरा होतो. औषधाचा गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत गोळ्या बंद करू नयेत. विसराळूपणाचा आजार पुरता बरा होत नाही, परंतु सांभाळता येतो. गावच्या घरात पायांना वाट ठाऊक असते, हाताला डबा ठाऊक असतो. त्यामुळे तिथे हा आजार झाकून राहतो आणि नव्या घरात आल्यावर उघडा पडतो. लोक म्हणतात, मुंबईने म्हातारीला वेड लावले. आजार पुष्कळदा आधीच सुरू झालेला असतो. तिसरे म्हणजे, माणूस एकाएकी एक-दोन दिवसांत बरळू लागला तर ते वेड समजू नये. लघवीच्या जागी जंतू, रक्तातले मीठ कमी होणे, एखाद्या औषधाचा त्रास, यानेही तसे होते आणि वेळेवर नेले तर माणूस सावरतो. ब-१२ हे जीवनसत्त्व कमी पडले तरी विसर पडतो. ऐकू कमी येत असेल तर माणूस आपोआप एकटा पडतो. आमच्या सासूबाईंना उदासीनताही होती, ब-१२ ही कमी होते आणि डाव्या कानाने ऐकूही येत नव्हते.

आपल्या देशात २०१७-१८ साली वृद्धांची मोठी पाहणी झाली. तिच्यात साठीच्या पुढच्या दर १०० माणसांत सुमारे ८ जणांना उदासीनतेचा आजार असल्याचे दिसले. परंतु डॉक्टरने तसे सांगितलेली माणसे शंभरात एकही भरत नव्हती. म्हणजे दहा आजाऱ्यांतल्या नऊजणांना आपल्याला आजार आहे हेच माहीत नाही. गोव्यात २००१ च्या सुमारास अभ्यासकांनी असेच लोकांना विचारले. तिथेही विसराळूपणा हा आजार न समजता म्हातारपणाचा भागच समजतात, किंवा मुले नीट सांभाळत नाहीत म्हणून झाले असे म्हणतात, असे आढळले. हे वाचून मला आपल्याच चाळीची आठवण झाली. अशाने म्हातारीला औषध मिळत नाही आणि सुनेला मात्र बोल मिळतो.

कायदेही बदलले आहेत. १९१२ चा वेडाचा कायदा जाऊन १९८७ चा आला आणि तोही जाऊन २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. सरकारी सेवेत मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा आता हक्क आहे. आईबापांना न सांभाळणाऱ्या मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्याचा कायदा २००७ साली झाला. त्याने पैसा मिळतो. कोणी बोलायला बसेल असा हुकूम कायदा काढू शकत नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने टेलिफोनवर मनाचा सल्ला द्यायची सोय केली आहे. १४४१६ हा तो क्रमांक. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येते, रात्रीही कोणी ना कोणी असते. हा क्रमांक प्रत्येकीने कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

आता आपल्या मंडळाने काय करावे? बायकांनी एकत्र येऊन मोठी कामे केल्याचे उदाहरण आपल्या वस्तीतच आहे. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्या बायका तरी कुठे शिकलेल्या होत्या? आपल्याला तर कर्जही काढायचे नाही. दर गुरुवारी दुपारी दोन तास मंडळाची खोली उघडी ठेवायची. प्रत्येकीने आपली सासू, आई, शेजारची आजी हाताला धरून आणायची. त्यांना नुसते बसवून भजन ऐकवू नये, काम द्यावे. मंडळाच्या मसाल्याच्या मिरच्या देठून द्याव्यात, वाती वळाव्यात, गोधडीला टाके घालावेत. कोणत्या गावची, कोणत्या वाडीची, माहेर कुठले, हे विचारावे. दोन गुरुवार कोणी आली नाही तर तिसऱ्या दिवशी एकीने तिच्या घरी जाऊन यावे. गावच्या खोलीत हेच होत होते. आजोबांसाठीही अशी सोय व्हावी. त्यांचे गप्प बसणे जास्त धोक्याचे, पण ते काम पुरुषमंडळींनी अंगावर घ्यावे.

आमच्या सासूबाई आता पुष्कळ सावरल्या आहेत. गोळ्या चालू आहेत, कानाचे यंत्र कधी लावतात, कधी पिशवीत ठेवतात. पहाटे अजूनही उठतात. मी त्यांना त्या वेळेला नारळ खोवायला देते. गावची आठवण जात नाही आणि जावी असे मला वाटतही नाही. गणपतीला त्यांना घेऊन आठ दिवस चिपळूणला जातो. परत येताना त्या गाडीत रडतात, मग पनवेल आले की विचारतात, गुरुवार केव्हा?

मंडळाच्या कार्यकारिणीने माझ्या सूचनेचा विचार वर्धापनदिनाच्या सभेत करावा, अशी विनंती करून मी हा लेख पुरा करते. मिरच्यांची पहिली पाच किलो मी देईन.